बडग्याच्या अंगावरचं पातळ

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी माझं मोरपंखी पातळ एका बडग्याच्या अंगावर पाहिलं. इतवारीतल्या आमच्या घराच्या गॅलरीत आम्ही बायका दाटीने उभ्या होतो. खाली रस्ता माणसांनी फुगला होता. नागपूरबाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते. त्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. एक काळी, एक पिवळी, बांबूकागदाच्या उंचच उंच बाया, आणि त्यांच्या मागे बडगे. वर्षभरात शहराला ज्याचा त्रास झाला, ज्याचा राग आला, त्याचा पुतळा म्हणजे बडगा. कधी महागाईचा, कधी रॉकेलच्या काळ्या बाजाराचा, कधी एखाद्या मंत्र्याचा. गल्लोगल्ली फिरवतात, तोंड भरून शिव्या घालतात आणि शेवटी तलावाकडे नेऊन जाळतात. 'इडा पिडा, रोगराई घेऊन जाय गे मारबत!' ही आरोळी मी बोलायला शिकले तेव्हापासून देत आले. त्या दिवशीही देत होते. तोंड उघडं होतं, हात वर होता, आणि खालून ते पातळ आलं. माझा हात तसाच वर राहिला. खाली कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, ही बाई सगळ्यांत जोरात ओरडते आहे.

बडगे दोन होते, एकाच बांबूला बांधलेले. दोन्ही बायांचे. एकीला पांढरं पातळ, गळ्यात पुठ्ठ्याची मोठी शिट्टी. दुसरीला माझं. दोघींच्या गळ्यांत वांग्यांच्या माळा, आणि हातांत हात सुतळीने घट्ट आवळलेले. पाटी होती: 'बाई नवरा, बाई बायको. धर्म बुडवणाऱ्या दोघींले घेऊन जाय गे मारबत.' लोक हसत होते. पोटातून येणारं, खरं हसू होतं ते, आणि मला आठवतं की पहिल्या क्षणी अपमान वगैरे काही वाटला नाही. मनात आलं, माझं पातळ जळेल. काठाजवळचं रफू मी वरूनही ओळखलं होतं. खिळ्याला लागून फाटलं होतं, मीच दुरुस्त केलं होतं. मग दुसरा विचार आला, आणि तो आला तसा माझ्या आत बसला तो बसलाच. पातळ माझ्या ट्रंकेत होतं. ट्रंक माझ्या खोलीत. बाहेरच्या कुणाचा हात तिथे पोचणार नव्हता. मी मान वळवली. गॅलरीतल्या सगळ्या बायका रस्त्याकडे पाहत होत्या. माझी वहिनी कांताबाई तेवढी माझ्याकडे पाहत होती.

त्या पातळाचा रंग अजून डोळे मिटले की दिसतो. सीताबर्डीवरून चारुशीलाने आणलं होतं. तिला रंगांतलं काही कळत नसे, ती स्वतः बारा महिने पांढरं नेसायची. दुकानदाराने हिरवं म्हणून दिलं आणि घरी आल्यावर उजेडात ते निळं दिसायला लागलं. ती हिरमुसली. मी म्हटलं, "अगं, दोन पातळं आणलीस तू, एका किमतीत." चारुशीला आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली तेव्हा मी खाली पडवीत शिवणक्लास चालवत होते. ती मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. घर नागपुरातल्याच इंदोऱ्याचं, वडील शालिकरामजी मिलमधून निवृत्त झालेले, छप्पन साली सगळ्या घरादाराला पांढरे कपडे घालून दीक्षेला घेऊन गेलेले. आमच्या आळीत तेव्हा अशा घरच्या मुलीला खोली देताना लोक चाचरत. माझा भाऊ चंपतराव, किराण्याचं दुकान चालवायचा, तोही चाचरला. तेव्हा कांताबाईनेच त्याला गप्प केलं होतं. "पोरगी सोज्वळ आहे, डोळ्यांत डोळे घालून बोलते. राहू द्या जी." हे मला विसरायला आवडलं असतं. माणूस सगळीकडूनच वाईट असलं की राग धरायला सोपं जातं. चारूने आल्या आल्या माझ्याकडे पोलकं शिवायला टाकलं. मी माप घेतलं आणि आकडा विसरले. पुन्हा घेतलं, पुन्हा विसरले. टेप माझ्या हातात, तिचा श्वास माझ्या कपाळावर, मशीनच्या तेलाचा वास, आणि ती म्हणाली, "बाई, क्लास तुम्ही शिकवता का शिकता?" त्यानंतर बरीच वर्षं सकाळी वरून शिट्टी वाजायची. एक छोटी शिट्टी म्हणजे चहा झाला. दोन म्हणजे साखर घेऊन ये.

लग्नाचं तिच्या डोक्यात आलं. मला असलं काही सुचलं नसतं. मला वरची खोली आणि खालची पडवी पुरत होती. ती म्हणाली, "आपलं जे आहे ते कुठेतरी मांडून ठेवू. नाही म्हणू दे. पण नाही म्हणायले लावू." त्या चौऱ्याऐंशीच्याच हिवाळ्याच्या शेवटी आम्ही कचेरीत गेलो. मी ते मोरपंखी पातळ नेसले होते. विवाहनोंदणीच्या टेबलामागचा कारकून पान खात होता. "नवरदेव कुठं आहे?" "नवरदेव नाही," चारू म्हणाली. "मंग लग्न कोणाचं?" "आमचं." त्याने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे, मग दारामागे कुणी लपलंय का तिकडे पाहिलं. "बाई, असं कायद्यात नाही." "नाही म्हणूनच तर अर्ज करून राहिलो," चारू म्हणाली. त्याने कागद परत सरकवला. रागावला नाही, हसलाही नाही. त्याने फक्त पुढच्या माणसाला हाक मारली. बाहेर येताना खुर्चीच्या खिळ्याला माझा काठ फाटला. फाटकापाशी आधीच घेऊन ठेवलेल्या झेंडूच्या दोन माळा चारूच्या पिशवीत होत्या. आता यांचं काय करायचं? आम्ही चालत महाराजबागेत गेलो आणि वाघाच्या पिंजऱ्यासमोर, भर दुपारी, एकमेकींच्या गळ्यात त्या घातल्या. साक्षीला वाघ होता. तो झोपला होता. आम्ही इतक्या हसलो की त्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. नंतरच्या आयुष्यात अनेक मोठ्या माणसांनी आमच्याबद्दल मतं दिली. त्या वाघाइतकं समजूतदार मत मला कुणाचं वाटलं नाही.

घरी आल्यावर मी कांताबाईला सांगितलं. का सांगितलं? आनंद एका माणसाला तरी सांगावा लागतो. ती चुलीपाशी बसली होती. "येडपट झाल्या का वं दोघी?" म्हणाली. मग उठली, मीठ-मोहरी घेतली, आम्हा दोघींना शेजारी बसवून दृष्ट काढली आणि विस्तवात टाकली. तडतडलं. "बाप्पा, किती नजर लागली होती!" म्हणाली. चारू हसू दाबत होती. मला भरून आलं होतं. आमच्या लग्नातला तेवढाच एक विधी, आणि तो करणारी तीच.

पण कांताबाईला गुरुवारी भैय्याजी महाराजांच्या मठात जायची सवय होती. भैय्याजी महाराज म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. आवाज गोड, दाढी विंचरलेली, अंगावर कायम भगवी शाल. कीर्तनात रडवायचे आणि लगेच हसवायचे. मला वाटतं, कांताबाईने त्यांच्यापाशी आमचं सांगितलं ते काळजीने. पोरींचं काय होईल म्हाताऱ्या झाल्यावर, काही दोष असला तर उपाय सांगा, असं. आणि त्याच दिवसांत कॉर्पोरेशनच्या निवडणुकीचं वारं सुरू झालं होतं आणि महाराजांना उभं राहायचं होतं. बाईच्या पोटातली काळजी त्यांनी उचलली आणि तिची आरोळी केली. चौकाचौकांत सभा. हार्मोनियम बाजूला ठेवून माईक हातात. "ज्या शहरात बाई बाईच्या गळ्यात माळ घालते, त्या शहराचा धर्म कोण वाचवील? मत माणसाले देऊ नका, मत देवाले द्या!" आमच्या आळीत तेव्हा नळाला दिवसाआड, तेही करंगळीएवढं पाणी यायचं. एकदा मागून कुणीतरी ओरडलं, "महाराज, नळाचं काय?" महाराज म्हणाले, "आधी घरातली घाण निघू दे बेटा, मंग पाणी येईल." टाळ्या पडल्या. मी खिडकीआड उभी राहून ते ऐकलं. घरातली घाण म्हणजे मी. मी आत जाऊन मशीनवर बसले आणि एक सरळ शिवण घातली, आणि ती शिवण वाकडी नव्हती. याचं मला तेव्हा नवल वाटलं. आता वाटत नाही. राग मला नेहमी सरळ शिवायला लावतो.

मारबतीच्या दुसऱ्या दिवशी चारूच्या शाळेने तिला बोलावून घरी बसायला सांगितलं. बडग्याच्या गळ्यातली शिट्टी सगळ्या पालकांनी ओळखली होती. ती वरच्या खोलीत आली, एक पेटी भरली. मी दारात. "कुठे?" "इंदोऱ्याले." "मी?" "तू तुझ्या घरी आहेस," ती म्हणाली. मग जिन्यात थांबून म्हणाली, "या गल्लीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही, प्रेमिला. तू ये म्हणू नको." पायऱ्या उतरताना तिने शिट्टी पदराखाली झाकून घेतली होती. नऊ वर्षं जी वस्तू गळ्यात मिरवली ती झाकून. लोकांनी दिलेल्या शिव्या मला आठवत नाहीत, पण ती शिट्टी झाकणारा हात आठवतो. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले. "वहिनी, पातळ काहून दिलं?" कांताबाई भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. "तुझी पिडा जावी म्हणून दिलं वं. महाराज म्हणले, जिच्यावर पिडा आहे तिच्या अंगाचं वस्त्र मारबतीसंग जळू दे, पोरगी मोकळी होईल. बडगा कोणाचा असंन, मले काय ठाऊक? मी तुझ्या भल्यासाठीच..." तिचा आवाज खरा होता. मला कळलं की ती खोटं बोलत नाही. आणि मला हेही कळलं की मी तिला माफ करणार नाही. दोन्ही एकाच वेळी कळलं. भाकरी तव्यावर पडली आणि फुगली. ती मी जेवले.

इंदोऱ्याला मी जायची, पण चारू फारसं बोलत नसे. अंगणात बसायची. शालिकरामजी बोलायचे. बारीक, काळासावळा म्हातारा, पांढरा सदरा, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. मला वाटलं होतं, ते मला दारातूनच परतवून लावतील. त्यांनी खाट पुसली, बस म्हणाले. पाणी दिलं आणि म्हणाले, "पोरी, एक विचारू का? लपून काहून केलं?" मी म्हटलं, "बाबा, कचेरीत गेलो होतो ना." "कचेरीत गेल्या. मंग नाही म्हणल्यावर जनावरापाशी गेल्या. माणसाइकडे काहून नाही आल्या? आमी छप्पनले आमचं जुनं सोडलं, ते का घरात दार लावून सोडलं? उन्हात, सगळ्या जगासमोर, लाखाच्या गर्दीत उभे राहून सोडलं. म्हणून कोणी आमाले हसू शकलं नाही. हसले, पण आमच्या माघारी हसले." मग ते खाकरले. "हसू ज्याच्या हातात असते ना, गल्ली त्याची." म्हातारा आणखी काही बोलला असेल, मी ऐकलं नाही. हसू कुणाच्या हातात असतं हे मी गॅलरीतून पाहिलं होतं. ते परत कसं घ्यायचं एवढंच मी परतीच्या बसमध्ये विचार करत होते, आणि नंतर वर्षभर तेच करत राहिले. वरची खोली रिकामी. सकाळी शिट्टी नाही. मुली क्लासला यायच्या कमी झाल्या. उरल्या त्यांना मी काजं, बटणं, गोट शिकवत होते, आणि मनात दुसरंच काही कापत होते. माझ्यासारखी मऊ बाई एवढा राग कुठे ठेवते, असं कुणी विचारलं नाही. मशीनच्या पायाखाली. पाय हलवला की तो हलायचा.

महाराज निवडून आले. विजयाच्या मिरवणुकीत त्यांनी आपल्या अंगावरची शाल काढून कांताबाईच्या खांद्यावर टाकली. केवढा मान! वॉर्डातल्या सगळ्या बायकांसमोर. ती शाल तिने देवघरात घडी करून ठेवली. मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते. पुढच्या आषाढात एके दिवशी ती पडवीत आली, शाल पुढे केली. आरतीचा जळता कापूर पडून एका टोकाला भोक झालं होतं. "एवढं रफू करून दे वं. तुझ्यासारखा हात गावात नाही." डोळे खाली होते. ती समेट मागत होती, हे न कळण्याइतकी मी कोडगी नव्हते. मी शाल घेतली. लोकरीला चंदनाचा आणि माणसाच्या मानेचा वास होता. दुपारभर खिडकीत बसून मी धाग्याला धागा जोडला. इतकं चांगलं रफू मी त्याआधी केलं नाही आणि त्यानंतरही नाही. कांताबाईने बोट फिरवलं, तिला सापडलं नाही. मी दाखवलं तेव्हा दिसलं. "बाप्पा!" म्हणाली. "आता हे मी डोळे मिटून ओळखीन." तिने तसं म्हटलं आणि माझ्या आत वर्षभर जे नुसतं उकळत होतं त्याला एकदम आकार आला. बडगाच. दुसरं काय? आमच्या शहराला न्याय करायची तेवढी एकच रीत ठाऊक आहे.

बडगे करायचा आनंदराव. आमच्याच मागच्या गल्लीत त्याचं अंगण, बांबूच्या कामट्या, रद्दीचे ढीग, मैद्याच्या खळीचा आंबट वास. मी गेले तेव्हा तो एका मोठ्या डोक्याला कान लावत होता. "गेल्या वर्षीचे आमचे तुम्हीच केले ना, आनंदरावजी?" "मीच केलो." जराही दचकला नाही. "नाक बराबर आलं होतं का?" "माझं आलं होतं. चारूचं नाही." "तिचं पाह्यलं नव्हतं ना जवळून. ऐकीव केलं." मी खाली बसले. "लाज नाही वाटली?" त्याने कान दाबून धरला, सुकेपर्यंत. "मी बडगे करतो वं बाई, न्याय नाही करत. महागाईचा केला, प्लेगचा केला, माझ्या सख्ख्या साडभावाचा केला. जो सांगते त्याचा करतो. तुमाले कोणाचा पाहिजे?" मी सांगितलं. आता मात्र त्याचा हात थांबला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आवाज न करता हसत होता. "वस्त्र?" "मी देईन." "त्याच्याच मांडवासमोरून न्यायचा," तो म्हणाला. "नगरसेवक झाला ना, यंदा स्वागताचा मांडव घालून राहिला तुमच्याच घरासमोर. पण तोंड आधी दिसलं तर त्याची माणसं अडवतील. पाठमोरा नेऊ. फिरवायचा कधी, ते कोणीतरी सांगायले पाहिजे. त्या गोंगाटात माझा आवाज नाही पोचत." त्याचा विचार मी केला नव्हता. त्या आठवड्यात इंदोऱ्याला जाऊन चारूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या गल्लीत मी पाय ठेवणार नाही म्हणलं होतं." मी परत निघाले. तिला ओढून आणायचं नव्हतं. पण मला ती त्याच गल्लीत परत हवी होती, मान वर करून. माझ्या सगळ्या रागाच्या तळाशी एवढी एकच गोष्ट होती.

पंच्याऐंशीची मारबत. कांताबाई अंघोळीला गेली तेव्हा मी देवघरातून शाल काढली. दिवा लावलेला होता. मी देवाला नमस्कार केला. माझं भांडण त्याच्याशी नव्हतं. आनंदरावाच्या अंगणात बडगा हातठेल्यावर बसवला होता. मागून पाहिलं तर साक्षात एखादा साधू, जटा, रुद्राक्ष, वर छत्री. मी शाल पांघरली, पिना लावल्या, रफूचं टोक डाव्या खांद्यावर, गॅलरीच्या बाजूला. आणि मग त्या वर्षी मी वर गेले नाही. मी ठेल्याच्या दांड्याला हात घालून रस्त्यावर उतरले. बायका उतरत नसत तेव्हा. गुलालाने श्वास कोंडत होता, ढोल छातीत वाजत होते, कुणाचा तरी कोपर माझ्या बरगडीत. मला वाटलं, मी इथे मरेन. मला वाटलं, लोक मला ओळखतील आणि मागच्या वर्षीसारखे हसतील. ओळखलंही एकदोघांनी. "अरे, बाईची बायको!" मी दांडा सोडला नाही. आता मांडव दिसत होता. महाराज नव्या शालीत उभे, शेजारी परडी धरलेला चेला, येईल त्या बडग्यावर ते फुलं उधळत होते आणि लोकांना हात दाखवत होते. आनंदराव माझ्या कानात ओरडला, "सांगायले कोण आहे?" मी म्हटलं, "कोणी नाही."

ठेला मांडवासमोर आला. महाराजांनी भगवी पाठ पाहिली. पाहिलं आणि आमच्या भागातला कुठलाही भाविक माणूस जे करेल तेच त्यांनी केलं. कुणा संताचा देखावा समजून दोन्ही मुठी भरून फुलं टाकली, डोळे मिटले आणि हात जोडून वाकले. नीट, कमरेतून. त्याच वेळी माझ्या मागून शिट्टी वाजली. लांब, एकच, शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेला ऐकू जावी अशी. मी वळले नाही. वळायची गरज नव्हती. आनंदरावाने आणि त्याच्या माणसांनी ठेला गरकन फिरवला. महाराजांनी डोळे उघडले तेव्हा समोर तेच होते. तीच विंचरलेली दाढी, मांडीवर मतपेटी, आणि एक डोळा एका बंद दाराच्या कुलपाच्या भोकाला लावलेला. पाटी: 'लोकांच्या दाराच्या फटीतून मतं मागणाऱ्या बाबाले घेऊन जाय गे मारबत.' त्यांचे हात अजून जोडलेलेच होते. त्यांनी टाकलेली फुलं बडग्याच्या शालीत अडकली होती. आणि मागून कुणीतरी ओरडलं, "महाराज, नळाचं काय?"

ते हसू मी वर्णन करू शकत नाही. ते इतवारीच्या भिंतींवर आपटत गेलं. मी त्यात उभी होते, जशी नदीत उभी राहावी. चारू माझ्या शेजारी होती, पांढऱ्या पातळात, कपाळावर गुलाल, शिट्टी पदरावर, बाहेर. तिच्यामागे शालिकरामजी चष्मा सांभाळत ओरडत होते, आणि त्यांच्यासोबत इंदोऱ्याची दहापंधरा माणसं. मग मी वर पाहिलं. गॅलरीत सगळ्या बायका हसत होत्या, तोंडाला पदर लावून. कांताबाई हसत नव्हती. ती डाव्या खांद्याकडे पाहत होती, शालीच्या टोकाकडे. तिने हळूच कठडा धरला. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो, ती वर, मी खाली. गेल्या वर्षी दोघी वरच होतो, आणि बडग्याच्या अंगावरचं वस्त्र माझं होतं.

तलावाकाठी शाल जळताना लोकरीचा, केस जळावेत तसा, वास आला. मी तो छातीभर घेतला. घरी गेले तेव्हा कांताबाई चुलीपाशी होती. भाकरी थापत नव्हती, नुसती बसली होती. "प्रेमिला," ती म्हणाली, "शाल काहून दिली वं?"

"तुमची पिडा जावी म्हणून," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी चारू आमचा जिना चढली, माझी ट्रंक उचलायला. आळी पाहत होती. कुणी हसलं नाही.

पुढचं थोडक्यात. चारूच्या शाळेने तिला परत घेतलं नाही. कामठीच्या एका शाळेत तिने निवृत्तीच्या वयापर्यंत कवायत शिकवली, रोज बसने जाऊन येऊन. आम्ही नंदनवन वस्तीत दोन खोल्या घेतल्या, त्यातल्या एकीत माझं मशीन. शालिकरामजी असेपर्यंत लग्नाकार्यांत आम्हाला पुढे बसवून ओळख करून द्यायचे, "ह्या माझ्या दोन पोरी. एक आणलेली." आनंदराव म्हातारपणी हात कापायला लागले तरी बडगे करत राहिला, त्याचे शेवटचे बडगे सगळे थोडे हसरे दिसायचे. भैय्याजी महाराज पुढच्या निवडणुकीत पडले. माझ्या बडग्यामुळे पडले असं म्हणायला मला फार आवडेल, पण ते नळामुळे पडले. कांताबाई चंपतराव गेल्यावर नंदनवनात यायला लागली. डबा घेऊन यायची. चारू तिला आत घ्यायची, तिच्या गुडघ्यांना तेल चोळायची, मला म्हणायची, सोड वं आता. मी कांताबाईला चहा दिला, औषधं दिली, शेवटच्या आजारात तिची लुगडी धुतली. तिने एकदा विचारलं, "माफ केलं का वं?" मी तिचा पदर सारखा केला. चारू गेली त्याला आता बारा वर्षं झाली. शिट्टी माझ्या उशाशी असते. अलीकडे काही मुलं-मुली आमच्यासारखंच लग्न मागायला कोर्टात गेली, तेव्हा टी.व्ही.वर सगळ्या धर्मांचे बाबा एका रांगेत बसून नको म्हणत होते. कधी नव्हे ते एकमत. मी बोटांनी त्यांच्या शालींचं माप घेत होते.

महाराज वारल्यावर आमच्या जुन्या चौकाला त्यांचं नाव दिलं. मारबतीच्या दिवशी मी अजून इतवारीला जाते. ऑटोवाल्याला चौकाचं जुनं नाव सांगते. यंदाचा पोरगा म्हणाला, "आजी, भैय्याजी महाराज चौक म्हणा ना. ते नाव कोणाले समजत नाही आता."

"मंग उतरव मले," मी म्हटलं. "मी चालत जातो."